वालाच्या सालीवरचं तेल

मैत्रेयीनं आजवर माझ्यापासून काही लपवलं नाही. आता लपवायला ती माझ्याकडूनच शिकेल, ही भीती गेले नऊ दिवस मनातून जात नाही.

माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका खासगी लॅबमध्ये बियाणं तपासते. आम्ही बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहायला आलो तेव्हा ती दुसरीत होती. आठवीत गणिताच्या पेपरात बाईंनी चार मार्क जास्त मोजले, तर ही उठून सांगायला गेली आणि पहिला नंबर मनालीला मिळाला. घरी येऊन वरणभात जेवली, झोपली. रडली नाही, मिरवलंही नाही.

तिचं काम तिनंच मला समजावलं. पूर्वी बी दळायचं, द्रावणात भिजवायचं, गाळायचं, तेव्हा कुठे त्यातलं तेल आणि साखर कळायची. आता मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रापुढे चिमट्यात दाणा धरायचा. त्यावर गरम वायूचा झोत येतो, रेणू सुटतात आणि प्रत्येकाचं वजन पडद्यावर उमटतं. त्या वजनावरून ही कुठली चरबी, ही कुठली साखर, ते ओळखायचं. मिनिटभराचं काम.

दिवाळीनंतर बदलापूरच्या पुढच्या एका पाड्यातून वालाचं बियाणं आलं. बनूबाई नावाच्या बाईंच्या गटाचं. एक संस्था ते घेऊन गावोगाव वाटणार होती, तपासणीचा कागद तेवढा हवा होता. वालात तेल फारसं नसतंच, पण पडद्यावर एरंडाच्या तेलाची रेघ उंच उभी राहिली. एरंडाची बी विषारी. वालात ती मिसळली असावी, असं मैत्रेयीनं लिहिलं. लॅबचे प्रमुख राजस सर, त्यांनी सही केली आणि संस्थेनं माल नाकारला.

मग बनूबाई स्वतः लॅबच्या गेटवर आल्या. भांडायला नाही. मैत्रेयीला म्हणाल्या, "पोरी, येक येक दाना मी हातानं निवडलाय. तुझ्या मशिनीला काय दिसला, ता मला पन दाखव."

तिनं कागद दाखवला. बाईंना त्यातलं काही कळलं नाही, आणि आपल्याला ते समजावून सांगता आलं नाही, हे मैत्रेयीला फार लागलं.

त्या रविवारी मी तूरडाळ डब्यात भरत होते. मैत्रेयी शेजारी बसून चहा पीत होती. मी तळहातावर तेल घेऊन डाळीला चोळायला लागले, तशी तिनं कपबशी खाली ठेवली.

"आई, हे कुठलं तेल?"

"एरंडेल. कीड लागू नये म्हणून. लहानपणापासून बघतेस की."

तिनं तेल लागलेला एक दाणा उचलून उजेडात धरला. दुसऱ्या दिवशी तिनं बनूबाईंच्या उरलेल्या वालाची साल काढली आणि आतला दाणा यंत्रापुढे धरला. एरंडाची रेघ गेली. आत वालाची स्वतःची साखर आणि नावापुरती चरबी होती. बायकांनी बी टिकावं म्हणून तेल लावलं होतं, आणि यंत्रानं जे वर होतं ते खरंच सांगितलं होतं. चूक तिच्या वाचण्यात होती.

ती सरांकडे गेली. ते म्हणाले, रिपोर्ट गेला तो गेला, परत मागवला तर लॅबचं नाव जाईल. आणि मार्चमध्ये तुझं परमनंटचं बघायचंय ना, असंही विचारलं.

संध्याकाळी तिनं संस्थेला लिहिलेलं पत्र मला वाचून दाखवलं. सगळं स्पष्ट लिहिलं होतं, स्वतःची चूकसुद्धा. हिचे बाबा गेल्यापासून हिच्या नोकरीशिवाय मला दुसरं काही सुचत नाही. मी म्हणाले, "तू मुद्दाम केलं नाहीस ना? मग गप्प राहा. मार्च होऊ दे."

तिनं वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "विहारात मुलांना पंचशील तूच शिकवतेस ना, आई?" मग पत्राची घडी करून पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला आत्याकडे राहायला गेली. तिथून लॅब जवळ पडते म्हणाली. अंबरनाथ दोन्हीकडून सारखंच, हे तिलाही माहीत आहे.

आज द्रौपदीताईंचा, म्हणजे तिच्या आत्याचा, फोन आला होता. पोरगी नीट जेवत नाही, विचारलं तर आईनं सांगितलंय थांब, एवढंच बोलते. म्हणजे पत्र अजून पर्समध्येच आहे. भात कापलेल्या शेतात ओल आहे तोवरच वाल पेरता येतो. ती ओल फार तर आठवडाभर टिकेल. मार्चपर्यंत नक्कीच नाही.

नोकरी गेली तर काय करायचं, ते मला माहीत नाही. शिकवण्या घेईन, काहीतरी करेन. पण तिला थांबवणारी मी होते, तेव्हा तिला मोकळं करणंही माझ्याकडेच आलं. ती जागीच असणार. आत्ताच फोन लावते आणि सांगते, पत्र पाठव. सकाळपर्यंत थांबले तर मी पुन्हा घाबरेन.