गाडी देऊळगावची, मालकीण मस्तगडची

चतुराबाईच्या नावावर नवऱ्यानं मोटार केली ती मायेपोटी नव्हे, कर चुकवायला. हे ती स्वतःच सांगायची आणि सांगताना तोंडाला पदर लावून हसायची.

जालन्याच्या मस्तगडात तिचा नवरा रखमाजी याचं रॉकेलचं आणि पेट्रोलच्या डब्यांचं दुकान होतं. एकोणीसशे सदतीस साली कापसाच्या पेढीवरचा एक गुमास्ता कायमचा मुंबईला निघाला आणि जाताना आपली जुनी फोर्ड मोटार रखमाजीला विकून गेला. तिचं छत कापडी होतं आणि दोन्ही बाजूंना मेणकापडाचे पडदे होते. रखमाजीला मोटार चालवता येत नव्हती, पण ती भाड्यानं फिरवायची त्याला हौस होती. त्यानं लालमियाँला ड्रायव्हर म्हणून ठेवलं. लालमियाँ पन्नाशीचा, पानानं तोंड लाल, आणि त्याला मोटारीपेक्षा कायदे जास्त ठाऊक.

"सेठ, हैदराबादच्या राज्यात मोटारीवर कर लई जबर," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "वीस मैलांवर देऊळगाव राजा. तिथं वऱ्हाड लागलं, इंग्रजांचा मुलूख. तिकडं कर निम्मा. नंबर बुलढाण्याचा घ्यायचा अन् गाडी आपल्या दारात उभी करायची. कितीक लोक करून राह्यले."

अडचण एकच होती. मालक तिकडचा रहिवासी दाखवायला हवा. देऊळगावला रखमाजीची सासुरवाडी होती, मेव्हणा रामकिसन होता. पण रखमाजीनं दोन दिवस मिशा चावल्या आणि ठरवलं, मेव्हण्याच्या नावावर नको. "उद्या म्हणंल, माझीच हाय. मंग मी काय करू? बायकोच्या नावावर करतो. बायकोच्या नावावर म्हंजी माझ्याच खिशात."

बुलढाण्याच्या कचेरीत कारकुनानं बाईच्या नवऱ्याचं नाव विचारलं. नवरा जालन्याचा निघाला असता तर सगळंच फसलं असतं. म्हणून रखमाजीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "बापाचं नाव लिहा. चतुराबाई कडूबा, राहणार देऊळगाव राजा." चतुराबाईनं अंगठा उठवला. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, पदरात दोन मुली होत्या. सासरच्या घरात तिच्या नावाचा पितळी तांब्यासुद्धा नव्हता. सगळ्या भांड्यांवर सासूचं, सोनूबाईचं, नाव कोरलेलं होतं.

कागद झाला तरी एक नियम राहिलाच. परमुलखातली गाडी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, पाहुणी म्हणून महिनाभर राहू शकत होती. महिन्याच्या आत तिनं हद्द ओलांडून जायचं, नाक्यावर नोंद करायची आणि मग हवं तर पुन्हा यायचं. पहिल्याच खेपेला नाकेदारानं लालमियाँला अडवलं. गाडी पाहुणी आहे तर मालकीण कुठं आहे? मालकिणीशिवाय नुसती गाडीच पाहुणचाराला आली की काय?

रखमाजी घरी येऊन म्हणाला, "अगं, उद्यापासून तूबी बसत जा गाडीत."

"कुठं जायाचं?"

"कुठंबी. गाडी जाईल तिकडं. नुसतं बसायचं, बोलायचं न्हाई."

या आधी तेरा वर्षांत चतुराबाई माहेरी चारदा गेली होती. दर दिवाळीला रखमाजीला दुकान सोडवत नसे आणि तिला एकटीला कोण धाडणार? आता दर महिन्याला तिला माहेरी जाणं भाग झालं. वीस-बावीस दिवस उलटले की रखमाजीच कॅलेंडरकडं बघून म्हणायचा, "जाऊन ये गं तुझ्या बापाकडं. आठ दिवस उरले." कडूबाला वाटायचं, जावई सुधारला. तो लेकीसाठी शेंगा भाजून ठेवायचा, नातींना खांद्यावर घेऊन मळ्यात फिरवायचा. खरं कारण त्याला कुणी सांगितलं नाही.

सोनूबाई दारात बसून बघायची. "आमच्या घरात मोटारीलाच सासर-माहेर हाय," ती शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची. "सून निव्वळ पाठराखीण."

चतुराबाई पहिले दोन महिने नुसती बसली. मागच्या सीटवर, डाव्या हाताला, डोक्यावरचा पदर दातात धरून, कारण वाऱ्यानं तो राहतच नसे. आरशात लालमियाँचे डोळे दिसायचे आणि तो सांगत जायचा, हे बदनापूर, हा अंबडचा रस्ता, इथं उताराला ब्रेक जपून मारायचा. ती ऐकायची. तिसऱ्या महिन्यात भोकरदनच्या बाजूला गाडी बंद पडली, तर तिनंच विचारलं, "लालमियाँ, पाण्यावाचून तापली का? मघाशी वाफ निघून राह्यली व्हती." लालमियाँ खाली उतरला, झाकण उघडलं आणि म्हणाला, "भाभी, तुम्ही बोलायचं न्हाई म्हनून बसल्या, अन् गाडी बोलून राह्यली."

मग एक गोष्ट घडली, जी कुणीच योजली नव्हती. बायका मोटारीत बसू लागल्या. लेकीबाळींना परक्या ड्रायव्हरबरोबर एकटं धाडायला कोणतंच घर तयार नसे. बरोबर पुरुषमाणूस द्यायचं तर ऐन सुगीत त्याला वेळ नसे. पण गाडीत एक बाई आधीच बसलेली आहे, पदर घेतलेली, दोन मुलींची आई, हे कळल्यावर लोक येऊ लागले. कुणाच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या म्हातारीला लेकीकडं पोचवायचं. मुसलमान घरांतून तर आधी निरोप यायचा, "मोटारवाल्या बाई हैत का? असल्या तरच पाठवा." मेणकापडाचे पडदे सोडले की आतल्या आत बायकांच्या गप्पा सुरू. चतुराबाईला कुणाच्या घरी काय शिजतं, कोण कुणाला बोलत नाही, सगळं कळू लागलं. तिची पाठ ताठ झाली. आवाजही मोठा झाला, कारण इंजिनावरून बोलावं लागायचं.

असं पावणेदोन वर्षं चाललं.

वैशाखातल्या एका दुपारी वडीगोद्रीहून निरोप आला. तिथल्या गुलाम नबीची सून, अजीजुन्निसा, दोन दिवस कळा देत होती आणि सुटका होत नव्हती. लालमियाँनं गाडी काढली. येताना अंबडच्या पुढं रस्ता खड्ड्यांचा, आणि पोरीचं डोकं चतुराबाईच्या मांडीवर. सासू अकबरबी पुढच्या बाजूला तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होती. जालन्याच्या वेशीशी नव्यानं आलेल्या अमीनसाहेबानं, म्हणजे पोलिसांच्या अंमलदारानं, हात वर केला.

"नंबर वऱ्हाडचा. गाडी किधर की?"

"पाहुनी हय, साब," लालमियाँनं ठरलेलं सांगितलं. "मालकीण देऊळगावच्या. रिश्तेदारीत आल्यात."

अमीननं वाकून पडद्याच्या फटीतून पाहिलं. "मागच्या हप्त्यात हीच गाडी भोकरदनला होती. त्याच्या आधी बाजारात. पाहुणी फार दिवस राहिली." मग तो चतुराबाईला म्हणाला, "बाई, राहता कुठं तुम्ही?"

देऊळगाव म्हटलं तर तो कागद मागणार, नाक्यावरची नोंद बघणार, रखमाजीला बोलावून आणणार. तास सहज जाईल. मांडीवरच्या पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

"राहते मस्तगडात," चतुराबाई म्हणाली. "रॉकेलवाल्या रखमाजीची बायको. गाडी माझ्याच नावाची हाय अन् इथंच राहती. कर चुकवलाय आम्ही. आधी हिला दवाखान्यात सोडू द्या, उद्या सकाळी मी स्वतः कचेरीत येते. न्हाई आले तर मस्तगडात कुणालाबी माझं घर विचारा."

लालमियाँनं कपाळाला हात लावला. अमीननं पडदा सोडला. मग बाजूला झाला.

अजीजुन्निसाला मुलगी झाली. दोघी वाचल्या. संध्याकाळी चतुराबाई घरी आली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती.

"तोंड हाय का भोंगा?" रखमाजी ओरडला. "बोलायचं न्हाई म्हनून सांगितलं व्हतं ना?"

"पोरगी मेली असती."

"अन् आता गाडी गेली म्हंजी?"

गाडी गेली नाही. दुसऱ्या दिवशी चतुराबाई खरंच कचेरीत हजर झाली, त्यामुळं अमीननं प्रकरण ताणलं नाही. थकलेला कर दंडासह भरायचा आणि मोटार जालन्याच्या नोंदीत आणायची, एवढ्यावर मिटलं. रखमाजीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि जेवताना म्हणाला, "चला, बरं झालं एका परीनं. आता माझ्या नावावर करून घेऊ. तूबी सुटलीस. आता गाडीत बसायचं कारण न्हाई. घरात बस निवांत."

चतुराबाईचा हात भाकरीवर थांबला. पावणेदोन वर्षांत तिनं नवऱ्याकडं काही मागितलं नव्हतं. मागायला लागलं नव्हतं, कारण त्यालाच तिची गरज होती. आता ती गरज संपली होती.

"नाव हाय तसंच राहू द्या," ती म्हणाली.

"काय?"

"कर भरा, दंड भरा. दोन वर्षं जी भाडी आली त्यातलाच पैसा हाय. नोंद इथली करा. नाव माझं राहू द्या. दुसऱ्याच्या नावावर करायला मी अंगठा देनार न्हाई."

रखमाजी ताट सरकवून उठला. तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. मोटार दारात उभी. लालमियाँ रोज ती पुसायचा आणि निघून जायचा. चौथ्या दिवशी एक शेतकरी बायकोला घेऊन आला. तिचे डोळे दुखत होते. रखमाजी म्हणाला, ड्रायव्हर घेऊन जाईल. शेतकऱ्यानं विचारलं, "अन् बाई?" बाई येणार नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग बैलगाडीच बरी.

तो गेल्यावर सोनूबाई बोलली. सुनेची बाजू घ्यायची तिला सवय नव्हती, म्हणून ती भिंतीकडं बघून बोलली. "माझ्या लेकाला वाटतं, लोक मोटारीत बसतेत. लोक हिच्या शेजारी बसतेत. हिला चुलीपुढं बसवली की तुझी मोटार कोंबड्यांना बसायला बरी."

"आई, तू बी?"

"मी काय? मी भिंतीला सांगून राह्यले."

पाचव्या दिवशी रखमाजी कचेरीत गेला आणि जाताना बायकोला हाक मारली. कारकुनानं विचारलं, मालकिणीचं नाव? चतुराबाईनं सांगितलं. पुढं? रखमाजी खिडकीतून बाहेर बघत होता. चतुराबाई म्हणाली, "भ्रतार रखमाजी. राहणार मस्तगड." तो वळला. हे त्यानं अपेक्षिलं नव्हतं. त्यानं खाकरून कारकुनाला सांगितलं, "नीट लिहा. रखमाजीचा जी दीर्घ."

महिना संपत आला. आता हद्द ओलांडायचं काही कारण नव्हतं, कॅलेंडरकडं कुणी बघत नव्हतं. चतुराबाई मुलींच्या वेण्या घालत म्हणाली, "मी देऊळगावला जाऊन येते."

"आता कशाला?" रखमाजी म्हणाला. "गाडीला तर गरज न्हाई."

"मला हाय."

रखमाजी उठला. दुकानातून पेट्रोलचा एक डबा आणून त्यानं मागच्या बाजूला ठेवला, एवढंच. लालमियाँनं हँडल फिरवलं. गाडी सुरू होत होती तेवढ्यात सोनूबाई लगबगीनं बाहेर आली, हातात गाठोडं.

"पिंपळगाव रेणुकाईकडं कधी जायाची हाय गाडी?"

"कधीबी जाईल, आत्याबाई. कोण आजारी हाय?"

"कुणी न्हाई." म्हातारी एका पायरीवर थांबली. "माझं माहेर हाय ते. भाऊ गेल्यापासून गेले न्हाई. आता तिथं कोण वळखंल, देव जाणे."

चतुराबाईनं दार उघडलं आणि मुलींना म्हणाली, "सरका गं पोरींनो. आजीला खिडकीकडंची जागा द्या." आणि लालमियाँला, "आधी पिंपळगाव. देऊळगावला रात्रीपतूर गेलं तरी चालंल."