पुन्हा पहिल्या टेबलापासून

आमच्या वीज कचेरीत त्यांना सगळे आवकबाई म्हणत. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या हातात यायचा. त्या शिक्का मारायच्या, आवक क्रमांक घालायच्या आणि मगच तो कागद कागद ठरायचा. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एक चिठोरंही गहाळ झालं नाही. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि वारंवार सांगायच्या. मी शेजारच्या टेबलावर टंकलेखक, त्यामुळे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

छपरावर सौर पॅनेल बसवली तर ती चालू करायला आमची परवानगी लागते. अर्जाची फाईल सात टेबलं फिरते. कुठेही त्रुटी निघाली की ती पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरू. समजा, सहाव्या टेबलाला फोटोत मीटर दिसला नाही. नवा फोटो जोडायचा, फाईल पहिल्याकडे न्यायची, आणि आधीच्या पाचही जणांनी आपल्याच सहीखाली पुन्हा सही करायची. फाईलच्या पुठ्ठ्यावर तसं छापलेलंच होतं. छापलेल्याशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही.

खरी गंमत आवकबाईंच्या रजिस्टरात होती. परत फिरलेल्या फाईलला त्या नवा आवक क्रमांक द्यायच्या. म्हणजे अर्ज कितीही जुना असो, दर फेरीला त्याचा नव्याने जन्म. साठ दिवसांहून जुना एकही अर्ज शिल्लक नाही, असा अहवाल दर महिन्याला वरच्या कार्यालयाला जायचा. तो मीच टाइप करायचो. त्यात खोटं एक अक्षरही नव्हतं.

शहराबाहेरच्या प्रसूतिगृहाच्या नर्सबाईंचा अर्ज असा आठ वेळा जन्मला. पॅनेल चौदा महिने छपरावर नुसती ऊन खात होती आणि खालच्या स्विचला आमचं सील. तिकडे वीज दिवसातून तीनदा जाते. गेली की लसींचा फ्रिज बंद, आणि नर्सबाई लसी बर्फाच्या डब्यात घालून बसने शहरातल्या दवाखान्यात पोचवणार. त्याच डब्यासकट त्या आमच्याकडे डोकवायच्या.

"बाई, आता काय राहिलंय?"

"चौथ्या टेबलाला नकाशा जुना वाटला. पुन्हा पहिल्यापासून."

"हा नियम केला तरी कोणी हो?"

"वरून आलाय," आवकबाई म्हणायच्या, आणि शिक्का शाईत दाबायच्या.

मग कचेरीच्या प्रमुख म्हणून नव्या मॅडम बदलून आल्या. सौर अर्ज तीस दिवसांत निकालात काढा, असं त्यांना सांगितलेलं. त्या प्रत्येक टेबलाला एकच प्रश्न विचारत सुटल्या: हे कोणत्या परिपत्रकात आहे? पहिल्यापासून फिरवायच्या नियमाचं परिपत्रक कोणालाच दाखवता येईना. सातही जणांनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "नियम इथलाच असेल तर मी आज रद्द करते. वरून आला असेल, किंवा कुठून आला तेच कळत नसेल, तर वर विचारावं लागेल. उत्तराला सहा महिने धरा." शोधायचं काम अर्थातच आवकबाईंकडे आलं.

तीन दिवस त्या जुन्या कागदांच्या खोलीत होत्या. चौथ्या दिवशी बाहेर आल्या आणि एक फाईल माझ्यापुढे ठेवली. एकोणीस वर्षांपूर्वीची, साध्या वीजजोडणीच्या अर्जाची. आत टाचणीने लावलेली चिठ्ठी, अक्षर आवकबाईंचं. चार सह्या झाल्यावर कोणा अर्जदाराने आतला नकाशा गुपचूप बदलला होता. साहेब रजेवर, म्हणून आवकबाईंनी तात्पुरतं लिहून ठेवलं: "त्रुटी निघाल्यास फाईल पहिल्या टेबलापासून पुन्हा फिरवावी." या फाईलपुरती, एवढं लिहायचं राहून गेलं. पुढच्या फायलींवर कोणीतरी ते उतरवलं. पुढे नवे पुठ्ठे छापायचे होते तेव्हा छापखान्याला नमुना म्हणून त्यांतलीच एक फाईल गेली.

त्यांच्या निवृत्तीला चार महिने होते. 'सापडलं नाही' एवढे दोन शब्द बोलल्या असत्या तर उत्तर येईपर्यंत त्या घरी बसलेल्या असत्या. मी त्यांना तसं सुचवलंही. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यांचे यजमान शिंपी. घरी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. ते मशीनवर होते, त्यांनी मानही वर केली नाही. "अगं, एक बटण तुटलं म्हणून अख्खा सदरा उसवायचा? आणि तेही एकोणीस वर्षं?" आवकबाईंनी दुसऱ्या दिवशी हे मला सांगितलं. हसल्या नाहीत.

बैठकीत त्यांनी चिठ्ठी मॅडमपुढे ठेवली. दुसऱ्या टेबलाचे गृहस्थ वाकून म्हणाले, "अक्षर ओळखीचं वाटतंय."

"वाटतंय काय? माझंच आहे," आवकबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, हातांनी मात्र टेबलाची कड घट्ट धरलेली.

मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि पुठ्ठ्यावरची ओळ लाल पेनाने खोडली. यापुढे त्रुटी निघेल त्याच टेबलावर फाईल थांबेल, दुरुस्त झाली की तिथूनच पुढे जाईल, आणि आवक क्रमांक पहिलाच राहील. त्या महिन्याच्या अहवालात सर्वांत जुना अर्ज तीन वर्षं सात महिन्यांचा निघाला. इतक्या सुरळीत चाललेल्या कचेरीत अचानक एवढी दिरंगाई कशी, असं वरून खरमरीत पत्र आलं. ते आवकबाईंनी शांतपणे आवक केलं.

प्रसूतिगृहाची परवानगी नवव्या दिवशी निघाली. सील तोडल्यावर नर्सबाई मुद्दाम येऊन गेल्या, पहिल्यांदाच डब्याशिवाय. त्यांनी आवकबाईंचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही होतात म्हणून झालं हो, बाई."

"मी होते म्हणूनच चौदा महिने लागले," आवकबाई म्हणाल्या.

नर्सबाईंना तो मोठेपणा वाटला. त्या जाताना मला म्हणाल्या, "किती साधी माणसं असतात हो तुमच्याकडे!"