खाचेपासून मोजा चार

सदर इसम पुरुष, वय वर्षे सत्तावन्न व महिने आठ. पद: निदेशक, इंजिन विभाग, औद्योगिक प्रशिक्षण संस्था. उंची मध्यम, बांधा मध्यम. ओळखीची खूण: उजव्या तळव्यावर हँडल धरून पडलेला घट्टा. सेवा एकतीस वर्षे. तक्रारी निरंक, चौकशी निरंक. ताब्यातील शैक्षणिक साहित्य: हाताने फिरवायचे इंजिनाचे मॉडेल, नग एक, स्थिती चालू.

सेवापुस्तकातला हा मजकूर अक्षरशः खरा होता, म्हणूनच त्यातून काही कळत नव्हतं. कळायचं ते मास्तरांच्या वर्गात. लोखंडी टेबलावर पाण्याच्या पंपाचं एक जुनं, खरंखुरं इंजिन बसवलेलं होतं. त्याची एक बाजू कापून काढलेली, त्यामुळे कलिंगडाची फोड काढून पाहावी तसं आतलं सगळं दिसायचं. हँडल फिरवलं की पिस्टन वर-खाली व्हायचा, वरच्या दोन झडपा आपापल्या पाळीने उघडायच्या-मिटायच्या. हवा आत येते ती बाजू निळी, धूर बाहेर जातो ती लाल. मास्तरांची पद्धत अशी की प्रत्येकाने डोळे मिटून हँडल फिरवायचं आणि नुसत्या हाताच्या जोरावरून सांगायचं, आत्ता हवा आत येतेय की दाबली जातेय. जो डोळे किलकिले करायचा त्याला ते म्हणायचे, "इंजिन उघडून बघायला सगळेच येतात. मिटलेलं ओळखणारा मेकॅनिक."

तीन वर्षांपूर्वी त्यांनी या शिकवणुकीत एका ओळीची भर घातली. इंजिनात दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली असतात. लहान चाक पिस्टनबरोबर फिरतं, मोठं चाक झडपा हलवतं. दोन्ही चाकांवर कारखान्यात एकेक ठिपका ठोकलेला असतो आणि ठिपक्यासमोर ठिपका आला की झडपा वेळेवर उघडतात. पण नवीन आणलेल्या चाकावर ठिपकाच नसला तर? तर, मास्तर म्हणायचे, लहान चाकात चावी बसवायची खाच असते, तिच्यापासून दात मोजा आणि चौथ्यावर ठिपका आहे असं समजा:

"खाचेपासून मोजा चार, पहिल्या झटक्यात इंजिन तयार."

पोरं हे म्हणत जिने उतरायची. मागच्या बाकांवर मास्तरांचं नाव 'चारमास्तर' पडलं. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

ही ओळ ज्या पहिल्या तुकडीने घोकली, तिच्यातला सगळ्यात चांगला हात पुढे मास्तरांचा जावई झाला. मास्तरांनी वर्ग घेता घेता जावई हेरला, असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जायचं. लग्नानंतर तो सासूला आई म्हणायचा, पण सासऱ्यांना सरच. मास्तरांच्याच शब्दावर तो पंपांच्या एका वर्कशॉपमध्ये लागला होता.

पाच महिन्यांपूर्वी तिथे त्याने वर्गातल्या मॉडेलच्याच बनावटीच्या एका पंपाचं लहान चाक बदललं. नव्या चाकावर ठिपका नव्हता. त्याने मोजलं, बसवलं, हाताने दोन फेरे फिरवून पाहिलं आणि इंजिन सुरू केलं. ते पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि मिनिटभरात पिस्टनने झडपेला खालून धडक दिली. झडप वाकली, पिस्टनला भोक पडलं, पंपाचा मालक वर्कशॉपच्या दारात ठिय्या देऊन बसला. संध्याकाळी जावयाला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगण्यात आलं. महिनाभरात भाड्याची खोली सुटली आणि लेक-जावई मास्तरांच्या पुढच्या खोलीत राहायला आले.

मास्तरांनी त्यांना घरात घेतलं, पण पोटात घेतलं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसाने चाक चुकीचं बसवावं, हे त्यांना अन्नाबरोबर गिळता येईना. मग ते जेवताना तोच विषय काढायचे. "जावईबापू, कुकरचं झाकण लावलंत ना? खाचेपासून मोजलंत का?" एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, आमच्याकडे शिकलेला एक जण फक्त चुकला, नेमका तोच आम्ही घरात आणला. पाहुणे हसले. जावई मान खाली घालून भात कालवत राहिला. सुरुवातीला त्याने, मी बरोबर चारच मोजले होते, हाताने फिरवूनही पाहिलं होतं, एवढं सांगितलं होतं. त्यावर मास्तर म्हणाले होते की चारपर्यंत मोजता येतं असं सगळ्यांनाच वाटतं. त्यानंतर तो बोलायचा थांबला. हळूहळू लेकही वडिलांशी कामापुरतं बोलू लागली. बायकोने एकदाच सुनावलं, "तुमचं इंजिन कापलेलं आहे म्हणून माणसंही कापून ठेवायची का?" मास्तरांनी वर्तमानपत्र उलटं केलं.

निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा साहित्य हस्तांतरणाचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, अनुक्रमांक. मास्तर भांडारपालाला म्हणाले, एकतीस वर्षांत याचा नंबर कोणी विचारला नाही. भांडारपाल हा शांत माणूस होता. तो म्हणाला, नंबर नसेल तर वस्तू नाही, आणि वस्तू नसेल तर तुम्ही इतकी वर्षं फिरवत काय होतात?

तेव्हा दुपारी वर्ग सुटल्यावर मास्तर ब्लेड घेऊन मॉडेलवरचा रंग खरवडायला बसले. नंबर बुडावर नव्हता, कडेला नव्हता. मग त्यांना आठवलं, लहान चाकाच्या तोंडावर काहीतरी कोरलेलं असायचं. चाक लाल रंगाखाली होतं. त्यांनी रंगाचा पापुद्रा सोलला. आधी नंबर निघाला आणि त्याच्या शेजारी, एका दाताच्या मुळाशी, कारखान्यात ठोकलेला ठिपका निघाला.

त्यांनी स्वतः काढलेला पांढरा ठिपका शेजारच्या दातावर होता.

त्यांनी चष्मा पुसला. खाचेपासून कारखान्याच्या ठिपक्यापर्यंत दात मोजले. मग बोट धरून मोजलं. मग, विद्यार्थ्यांना सांगायचे तसं, डोळे मिटून नखाने एकेक दात चाचपत मोजलं. तिन्ही वेळा पाच आले.

तीन वर्षांपूर्वी वर्गाला रंग द्यायचा होता म्हणून मॉडेल हलवताना ट्रॉलीचं चाक मोडलं आणि मॉडेल पडलं होतं. सुट्टीत एकट्याने बसून मास्तरांनी ते सगळं खोललं, धुतलं, चाकांना दोन दोन हात रंग दिला. रंग वाळल्यावर ठिपका दिसेना, तेव्हा तो आठवणीने काढला आणि चाकं त्यावरून जुळवली. हँडल फिरवून पाहिलं, फिरलं. मॉडेल फिरतंच. त्यात पेटायला काही नसतं आणि झडपा अर्ध्या कापलेल्या, त्या पिस्टनला लागणार कशा? खऱ्या इंजिनात तेवढ्या फरकाने हाताने फिरवताना केसाएवढी जागा उरते. वेगात ती उरत नाही. आठवणीने काढलेल्या त्या ठिपक्यावरून त्यांनी पुढे ओळ रचली होती, आणि ती यमकात बसली म्हणून पक्की झाली होती.

कपाटात लाल रंगाचा डबा होता. मास्तरांनी तो काढला, पेचकसाने झाकण उघडलं, ब्रश बुडवला. नंबर तर मिळाला होता. एक हात फिरवला की सगळं होतं तसं. ब्रशवरून दोन थेंब फॉर्मवर पडले. मग त्यांनी ब्रश पुसला आणि झाकण ठोकून बंद केलं. मॉडेल मात्र त्यांनी त्या दिवशी दुरुस्त केलं नाही. पांढरा ठिपका तसाच ठेवला.

घरी लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. जावई मिक्सर उघडून बसला होता. मास्तर चप्पल न काढताच दारात उभे राहिले. लग्नापासून ते जावयाला अहो-जाहो करत, टोमणे मारताना तर जास्तच. आज ते विसरले.

"तू चारच मोजलेस," ते म्हणाले. "पाच पाहिजे होते. चूक माझ्या मॉडेलमध्ये आहे. मीच केलेली."

जावयाने पेचकस खाली ठेवला नाही. "पाच पाहिजे होते ते मला माहीत आहे, सर. मोडलेलं इंजिन खोललं त्याच दिवशी, काढून ठेवलेल्या जुन्या चाकावर मोजून बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, शिकवताना मी पाच सांगितले, तू चार ऐकलेस."

मास्तरांनी हे खरंच म्हटलं असतं. तोंडाशी आलेलं उत्तरही जवळजवळ तेच होतं. लेकीने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. स्वयंपाकघरातून बायको आली, तिने नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं आणि चपला काढा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्कशॉपमध्ये गेले. वर्कशॉपच्या मालकाने त्यांना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि हळहळ व्यक्त केली. जागा भरली होती. नवा माणूस मास्तरांच्याच संस्थेतला, गेल्या वर्षीच्या तुकडीतला. मास्तर तडक आत गेले. त्यांनी त्याला चाकाच्या ठिपक्याविषयी विचारलं. तो अभिमानाने ओळ म्हणून दाखवायला लागला, तेव्हा मास्तरांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

मग त्यांनी तीन वर्षांच्या हजेरीपटावरून पत्ते काढले आणि एकशे नऊ पत्रं लिहिली. चार नव्हे, पाच. पत्रं पेटीत टाकायचं काम जावयाने केलं, कोणी न सांगता. सात उत्तरं आली. त्यातल्या एकाने विचारलं होतं, सर, ओळ कशी म्हणायची आता? पाचाला यमक जुळत नाही.

फॉर्मवर स्थितीच्या रकान्यात मास्तरांनी लिहिलं, 'तीन वर्षे सदोष, दोष माझा'. भांडारपालाने तो परत केला. रकान्यात चालू किंवा बंद एवढंच बसतं, आणि रंगाचे डाग पडल्याने फॉर्म नवा भरावा लागेल. त्याने हँडल फिरवून पाहिलं, ते फिरलं. नव्या फॉर्मवर त्यानेच लिहिलं: नग एक, स्थिती चालू, शिकवण्यास योग्य, धारकाविरुद्ध तक्रार निरंक.

जावई अजून घरीच आहे.