भाचीच्या तोंडी मेदेयीनची हाक

मंडळी, आज संध्याकाळी आमच्या हेब्बाळच्या घरात अंगावर काटा आला.

भाची रेवा स्पॅनिश शिकली ती कोलंबियाच्या गाण्यांवरून, पण माझ्या वेदपाठाच्या संथेच्या पद्धतीनं: आधी उच्चार घोटायचे, अर्थ सावकाश. आज तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. समोर कोलंबियातल्याच मेदेयीन शहरातले साहेब. गाण्यांच्या सवयीनं हिनं त्यांना 'पार्से' म्हटलं. म्हणजे तिकडच्या गल्लीतलं 'मित्रा'. धन्य ती शिष्या.

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "माझा भाऊ अगदी अशीच हाक मारायचा. तो आता नाही. पुन्हा म्हण."

तिनं म्हटलं. त्यांनी कॅमेरा बंद केला. "पुन्हा."

नोकरी मिळाली. "उद्या आईला फोनसमोर बसवतो," म्हणाले, "तिलाही एकदा ऐकव."

रेवा म्हणते, "मामा, हा अर्थ तू शिकवला नव्हतास. काय करू?"

मंडळी, तुम्ही काय सांगाल?