दुपट्टा टाकलेली खिडकी

मी केमोसाठी लाखांदूरहून नागपूरला जायची. एसटी लागली की एक म्हातारा बाहेरूनच खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा टाकून माझ्यासाठी जागा धरायचा आणि स्वतः पवनीला उतरेपर्यंत उभा राहायचा. डोक्याचा स्कार्फ पाहून बाकीचे नाना प्रश्न विचारत. त्यानं नावसुद्धा विचारलं नाही. मला मळमळलं की काच तेवढी सरकवायचा.

उपचार संपल्यावर तपासणीला निघाले, तेव्हाही सीटवर दुपट्टा होताच.

"बाबाजी, मी बरी झाली आता. तुमी बसा."

"मंग आज त तुमीच बसा, बाई. इतक्या खेपा खाली मुंडी घालून गेल्या तुमच्या. बाहेरचं कायी पाह्यलंच नाई."

मी बसले. दोन्हीकडे धान लोंबीवर आला होता. कोणतं शेत कुणाचं, ते तो पवनीपर्यंत उभ्यानं सांगत राहिला.