कौसल्याबाईचं सन्मानपत्र

आमच्या खडी गंमतीच्या, म्हणजे विदर्भातल्या तमाशाच्या, मंडळात एक रीत होती. नाच्या रिंगणात उतरण्याआधी शाहिरानं त्याचं मूळ नाव, बापाचं नाव आणि गाव पुकारायचं. ढोलकी थांबायची, मी हात वर करायचो आणि सांगायचो, "मंडळी, ही बाई नव्हे. हा बाबाराव मुनेश्वरांचा किसन, गाव दारव्हा." मग शिट्ट्या पडायच्या. लुगड्यातला गडी बघायला लोक पुढे सरकायचे. बावीस वर्षं मी ही पुकार केली, आणि माझा आवाज त्या वेळी असा होता की शेवटच्या बैलगाडीवर बसलेल्यालाही ती ऐकू जायची. त्या आवाजाचा मला फार अभिमान होता. ती पुकार किसनला कशी लागत असेल, हे मी एकदाही विचारलं नाही.

एकदा मात्र त्याने न विचारता सांगितलं होतं. वणीकडच्या एका जत्रेतला खेळ संपवून आम्ही सकाळी विहिरीवर तोंड धूत होतो. काजळ ओघळत होतं. तो म्हणाला, "शाहीर, माहं खरं नाव कौसल्या हाये. लहानपणापासून हेच हाये. तुमाले सांगून ठेवतो." मी हसलो. रात्रीचं सोंग अजून उतरलं नाही का, असं काहीतरी बोललो. त्यानेही हसून चूळ भरली, आणि तो विषय तिथेच विहिरीत बुडाला असं मी समजलो. तेव्हा मी तिला 'तो' म्हणत होतो. आता 'ती' म्हणतो.

टीव्ही आला, ऑर्केस्ट्रा आले, मंडळ मोडलं. ढोलकीवाला वणीला खाणीत लागला. मी थोडं संगीत नाटकात, थोडं आकाशवाणीवर असं करत म्हातारा झालो. तिने दारव्ह्यात बहिणीच्या, जमनाबाईच्या, घरी शिलाई मशीन टाकलं आणि साड्यांना फॉल-पिको करायला लागली. पँट-शर्टातच. गल्लीतल्या बाया तिला किसनभाऊ म्हणायच्या आणि साडी दुसऱ्या कुणाकडे देत नसत. रंगाला रंग असा जुळवायची की फॉल कुठे सुरू होतो ते कळू नये. जमनाबाई वारल्यावर ती त्या घरात एकटी राहू लागली, आणि दार लावून घेतल्यावर साडी नेसू लागली. हे मला तिनेच पुढे सांगितलं. तोवर ती सत्तरीला टेकली होती.

मागच्या जूनमध्ये यवतमाळच्या काही तरुण मंडळींनी प्राइड महिन्याचा, म्हणजे समलैंगिक आणि तृतीयपंथी लोकांच्या सन्मानाचा, कार्यक्रम ठरवला. मोठ्या शहरांत मोर्चे निघतात तसं इथे काही नव्हतं. आर्णी रस्त्यावरचं एक छोटं सभागृह, साठ खुर्च्या, थोडी गाणी, थोडी मनोगतं. त्यांची पुढारी शाल्मली नावाची मुलगी. औषधांच्या दुकानात काम करते, आणि एका मुलीसोबत आयुष्य काढायचं ठरवलंय हे तिने घरी सांगून टाकलं आहे. आपल्या जिल्ह्यात आपल्या आधी कोण होतं याचा ती शोध घेत होती. कुणीतरी तिला खडी गंमतीतल्या नाच्यांबद्दल सांगितलं, आणि ती माझ्यापर्यंत आली. मी तिला दारव्ह्याला नेलं. दोघींची अशी गट्टी जमली की मला चहा विचारायचंही त्या विसरल्या.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी शाल्मलीचा फोन आला. सन्मानपत्रावर नाव काय छापायचं? दारव्ह्याच्या आजीशी तिचं सगळं बोलणं झालं होतं, पण लिहायचं नाव राहून गेलं होतं, आणि आजी फोन उचलत नव्हती.

मी एका क्षणात उत्तर दिलं. आम्हा जुन्या कलावंतांचं एक वेड असतं. प्रत्येक सन्मानपत्र, गणपती मंडळाचं असो की ग्रामपंचायतीचं, प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये लावून ठेवायचं. वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा अर्ज करताना ते कामी येतं. तिची फाईल मीच जमवत होतो. फाईलमधलं प्रत्येक नाव आधार कार्डाशी जुळलं पाहिजे. म्हणून मी सांगितलं, "श्री. किसन बाबाराव मुनेश्वर." शाल्मलीने विचारलं, आजोबा, नक्की ना? मी म्हटलं, बावीस वर्षं मीच हे नाव पुकारत आलोय.

कार्यक्रमाच्या रविवारी दारव्ह्याच्या स्टँडवर मी तिची वाट पाहत होतो. ती मोरपंखी साडी नेसून आली. दिवसाउजेडी, बाजाराच्या रस्त्याने, पाऊण किलोमीटर चालत. चेहरा घामेजलेला होता, पण पदर डोक्यावरून ढळलेला नव्हता. कंडक्टरने न विचारता तिला बाईचं अर्धं तिकीट दिलं आणि म्हणाला, मावशी, आत सरका. ती सरकली, खिडकीशी बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी जरा दूर बसा, शाहीर. लोकायले वाटंल म्हातारी नवरा घेऊन फिरून राह्यली. तोही असा टकला."

सभागृहात खुर्च्यांचे दोन भाग केले होते. डावीकडे बसणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत, उजवीकडच्यांचे चालतील. यवतमाळ लहान गाव. डावी बाजू भरून गेली होती. कितीतरी मुलं-मुली तोंडाला रुमाल, ओढणी बांधून आली होती. ती क्षणभर दारात उभी राहिली आणि उजवीकडे दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. मला वाटलं, आज तिच्या मनासारखं होणार.

मी व्यासपीठावर होतो. शाल्मलीने माईक घेतला, सन्मानपत्र उचललं आणि वाचलं, "श्री. किसन बाबाराव मुनेश्वर."

टाळ्या वाजल्या. कुणी उठलं नाही.

शाल्मलीने समोर बघितलं, पुन्हा नाव वाचलं. या वेळी टाळ्या कमी वाजल्या. सगळे इकडेतिकडे बघू लागले. ती दुसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. मग तिथूनच, माईकशिवाय, जुन्या रिंगणातल्या आवाजात ती म्हणाली, "तो नाही आला, पोरी."

शाल्मलीने माझ्याकडे बघितलं. मी कसाबसा उठलो आणि सांगितलं की चूक माझी आहे, या मुलीची नाही. फाईलचं सांगितलं, मानधनाचं सांगितलं, आधार कार्डाचं सांगितलं. जितकं सांगत गेलो तितका मी लहान होत गेलो.

ती म्हणाली, "फाईल माही, नाव माहं. दोन्ही तुमीच आपल्या मनानं चालवून राह्यले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

शाल्मली खाली उतरून तिच्यापाशी गेली. "आजी, काय नाव लिहू?"

"कौसल्या. बापाचं नाव बाबारावच राहू दे. त्यानं काही वाईट नाही केलं."

एक कोरं सन्मानपत्र उरलं होतं. शाल्मलीने ते टेबलावर ठेवलं आणि पेनाने सावकाश नाव लिहिलं. डावीकडच्या एका मुलीने तोंडावरची ओढणी सोडली आणि पुन्हा बांधली. मग कौसल्याबाई उठली, पायऱ्या चढली आणि दोन्ही हातांनी तो कागद घेतला. शाई वाळली नव्हती, म्हणून तिने तो छातीशी न धरता अंगापासून लांब धरला. टाळ्या उशिरा आल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तो हक्क आहे असं वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर बोरी अरब गावात बस थांबली तेव्हा तिने सन्मानपत्रावरची शाई वाळली का ते बघितलं. मग म्हणाली, "इहिरीवर तुमाले सांगतलं होतं. याद हाये का?"

"आहे."

"मले वाटलं, तुमी भुलले असान. भुलले असते तं बरं झालं असतं."



पुढे अर्ज द्यायला गेलो तेव्हा कारकुनाने कागद चाळले आणि सौजन्याने सांगितलं की एका कागदावर नाव वेगळं आहे. तो काढून टाका, म्हणजे अर्ज पुढे जाईल. नाहीतर नव्या नावाचं ओळखपत्र आणा. कौसल्याबाईने माझ्याकडे बघितलं. 'काढून टाकू' हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते तिला कळलं असावं. पण मी तोंड उघडलं नाही. तिने फाईल काउंटरवरून उचलली आणि पिशवीत ठेवली.

आता तिच्या नव्या नावाच्या, तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या ओळखपत्राचा अर्ज शाल्मलीने भरून दिला आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं ते कार्ड अजून आलेलं नाही, आणि ते येईपर्यंत मानधनाचंही काही खरं नाही. ती एकाहत्तर वर्षांची आहे. डोळ्यांना कमी दिसतं, सुई ओवायला शेजारची कुणी लागते. साडी मात्र आता दार उघडं असतानाही नेसलेली असते.

गेल्या आठवड्यात मी तिच्या ओट्यावर बसलो होतो. आत मशीन चालू होतं. लालीबाई नावाची जुनी गिऱ्हाईक पिशवी घेऊन आली आणि दारातून हाक मारली, "किसनभाऊ!"

मशीन चालूच राहिलं.

तिने पुन्हा हाक मारली. मशीन थांबलं नाही. लालीबाईने माझ्याकडे बघितलं. गल्लीभर कार्यक्रमाची गोष्ट पसरली होती, तिलाही ती ठाऊक होती. मी खाली फरशीकडे बघत बसलो. ही हाक मारणं माझं काम नव्हतं. लालीबाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, जरा घसा खाकरला, आणि अनोळखी घरी आल्यासारखी हळूच म्हणाली, "कौसल्याबाई हाये का घरी?"

मशीन थांबलं. आतून आवाज आला, "या ना, लालीबाई. कोणता रंग आनला?"