पाय आधी की दट्ट्या

हुपरीत चांदीच्या पत्र्यातून पैंजणांच्या पाकळ्या छापताना दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं काकांच्या प्रेसखाली गेली. पेडलवरचा पाय न उचलताच त्याने हात आत घातला, असं काकांनी साऱ्या भावकीत सांगितलं. पुढे दादाही तेच सांगू लागला. मग त्याला ते खरंच वाटायला लागलं, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत काम करते. पेडल दाबलं की प्रेसचा दट्ट्या एकदाच खाली आदळायला हवा. पाय आधी उचलला की दट्ट्या आधी पडला, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्याला सेकंदाला हजार चित्रं टिपणारा कॅमेरा लागतो. तसला विकत घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. कसबा बावड्यातल्या खोलीत मी तो सुट्या डब्यांचा बनवला. एकात भिंग, दुसऱ्यात सेन्सर, तिसऱ्यात मेमरी. जो डबा जळेल तेवढाच बदलायचा. सेन्सर तीनदा जळला. घरचे म्हणाले, हिला खूळ लागलंय.

एरवी काकांनी मला प्रेसजवळ फिरकू दिलं नसतं. म्हणून खंडेनवमी गाठली. त्या दिवशी यंत्राला हळदकुंकू, हार, नारळ, आणि मग ते रिकामं चालवून बघायचं. पूजेचं शूटिंग म्हटल्यावर काका टोपी सारखी करून शेजारी उभे राहिले. स्टुलावर त्यांनी दादालाच बसवलं. 'नीट आलं नाही, परत,' म्हणत मी दादाला पेडल दाबायला लावत राहिले. दर खेपेला तो दोन्ही हात पाठीमागे घेत होता. मला दिसत होतं, तरी मी थांबले नाही.

अकराव्या खेपेला सापडलं. लॅपटॉपवर सावकाश लावून दोघांना दाखवलं. पेडल पूर्ण वर आलेलं, पाय बाजूला, आणि दट्ट्या आपोआप पुन्हा खाली येतोय. दादाने तीनदा बघितलं. काकांनी एकदाच.

"व्हय, पडतंय की कधीकधी दुसऱ्यांदा," काका म्हणाले. "म्हणून तर मी त्येच्यावर बसत न्हाय."

"मग मला कशाला बसवलासा?" दादाने विचारलं.

काका नारळाचं खोबरं काढत होते. "तू घरातला. भायेरच्यानं केस केली असती की."